माळावरची भयकादंबरी कशी लिहायची

एकट्या पडलेल्या जागेची भयकादंबरी लिहायला घेतली की भुताचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी एका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून काढा: तुमचं माणूस तिथून निघून का जात नाही? वाचक हा प्रश्न फार लवकर विचारतो. दाराबाहेर पहिल्यांदा पावलं वाजली की तो म्हणतो, अरे मग जा ना तिथून. तोवर त्याला पटणारं उत्तर मिळालेलं नसेल तर पुढची दोनशे पानं वाया गेली.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत, ३३ केव्हीच्या उपकेंद्रांवर यंत्रचालक म्हणून काम करतो. रात्रपाळीत माळावर एकट्यानं बसायचं, तासातासाला फीडरची, म्हणजे गावांकडं वीज नेणाऱ्या लाइनची, रीडिंग लॉगशीटवर चढवायची, ट्रिपिंग आलं, म्हणजे लाइन आपोआप बंद पडली, तर बघायचं. भयकथा मी तिथंच लिहायला लागलो. आता आजूबाजूची लिहिणारी पोरं-पोरी आपली हस्तलिखितं वाचायला आणून देतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत घाटातला जुना बंगला असतो, धुकं असतं, गाडी बंद पडते आणि कंदील घेतलेला म्हातारा दार उघडतो. लिहिणारं पोरगं मात्र गेवराईचं नाहीतर पाटोद्याचं असतं. असा बंगला त्यानं जन्मात बघितलेला नसतो. दिवाळीनंतर निम्मी घरं कुलपात गेलेली वाडी मात्र तो दरसाल बघतो. मग ती वाडी सोडून बंगल्यात कशाला जायचं?

जागा कुठली घ्यावी

आपल्याकडची सगळ्यात भीतीदायक जागा मला विचाराल तर ती ऊसतोडीला गेलेल्या माणसांची वाडी. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायला पुढचे पाच-सहा महिने कारखान्यावर काढायचे. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, पार कर्नाटकातल्या बेळगावपर्यंत टोळ्या जातात. ट्रॉलीत पीठ-मीठ, भांडी, पांघरुणं, कोंबड्या आणि तान्ही लेकरं. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि दावणीची जनावरं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपून मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, हे असंच.

अशा वाडीत जानेवारीतल्या संध्याकाळी चालत जा आणि नुसती दारं बघा. कुलूप गंजू नये म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधलेली असते. वारा सुटला की सगळ्या दारांवरच्या पिशव्या एकदम फडफडतात. तुळशीच्या कुंडीत नुसत्या काड्या. चौकटीवरचं लिंबू वाळून काळं झालेलं. न्हाणीच्या दगडावर कोरडा पडलेला साबणाचा तुकडा, त्यावर बोटांच्या खुणा तशाच. एवढं तुम्ही नीट लिहिलंत तर वाचकाच्या पोटात गोळा आलेला असतो आणि अजून काहीही घडलेलं नसतं. आता घडवा. एका सकाळी वाडीतल्या म्हातारीला दिसतं की शेजारच्या दारावरची पिशवी सोडलेली आहे, तिची नीट चौकोनी घडी करून उंबऱ्यावर ठेवली आहे, वर सुतळीची गुंडाळी. कुलूप जागच्या जागी. आतून बंद केल्यासारखं दार घट्ट. बस. त्या दिवशी म्हातारी आणखी काही बघत नाही, आणि तुम्हीही आणखी काही दाखवायचं नाही.

दुसऱ्या जागाही आहेत. पैठणला जायकवाडीचं धरण झालं, १९७६ साली त्याचं लोकार्पण झालं, आणि नाथसागराच्या पोटात शंभरावर गावं गेली. दुष्काळाच्या साली पाणी मागं सरकतं तसे जुने चौथरे, देवळांचे दगड उघडे पडतात. फुगवट्याच्या जमिनीवर लोक पिकं घेतात. पाणी वाढायला लागलेलं असताना त्या जमिनीवर अडकलेलं माणूस, ही एक चांगली कादंबरी आहे. हिंगोलीकडं वसमत, औंढा, कळमनुरी या भागांत जमिनीतून गूढ आवाज येतात. तिथली माणसं रात्री दचकून अंगणात येऊन बसतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये तिकडं भूकंपाचे धक्केही बसले. जमीन बोलते असं लिहायला तिथं कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. देशमुखांच्या पडक्या गढ्या आहेत, त्यांच्या भिंतींत बळदं, म्हणजे धान्य साठवायच्या पोकळ्या, आहेत. काळ्या मातीतली धान्याची पेवं आहेत. पेवाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कादंबरीत कामाला येईल: बंद पेवात साठवलेलं धान्य श्वास घेत राहतं, आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. उतरलेलं माणूस ओरडायच्या आत खाली बसतं. म्हणून जुनी माणसं पेव उघडून ठेवायची, कंदील दोरीनं सोडून बघायची, आणि कंदील विझला तर उतरायची नाहीत. विझत खाली जाणारा कंदील मी अजून कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही. कोणीतरी लिहावा.

एका जागेबद्दल मात्र जपून राहा. किल्लारी आणि सास्तूरकडची जुनी, सोडून दिलेली गावठाणं पोरांना फार खुणावतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अंगावर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यांची नावं सांगणारी माणसं आज लातूर-धाराशिवमध्ये आपल्या शेजारी राहतात. त्या मेलेल्यांना भुतं करून त्यांच्या लेकरांच्या अंगावर सोडू नका. त्या गावठाणात कादंबरी घडवायचीच असेल तर जिवंत राहिलेल्या माणसाच्या मनातून घडवा, आणि लिहायच्या आधी अशा माणसापाशी बसून या.

न जाण्याचं कारण

आता पहिल्या प्रश्नाकडं. आपल्या भागात माणूस जागा सोडत नाही त्याची कारणं बहुतेक पैशाची, जनावराची आणि शब्दाची असतात. हट्ट किंवा कुतूहल हे कारण म्हणून घेऊ नका. कुतूहलापायी रात्री गढीत शिरणारा माणूस मेला तरी वाचकाला हळहळ वाटत नाही. म्हातारी वाडी सोडत नाही, कारण म्हैस गाभण आहे आणि म्हशीवर कर्ज आहे. शिवाय नातू तिच्याजवळ ठेवलाय, त्याची चौथीची परीक्षा व्हायचीय. सालगडी मळा सोडत नाही, कारण वर्षाची उचल गुढीपाडव्याला घेऊन झालीय. माझ्या धंद्यातलं कारण तर फार सोपं आहे: रिलीव्हर आल्याशिवाय यंत्रचालकाला उपकेंद्र सोडता येत नाही. पाळी संपली तरी नाही. पुढचा माणूस आला, सही झाली, मग मोकळा. रिलीव्हर आलाच नाही तर काय, या एका वाक्यात मला अख्खी कादंबरी दिसली.

कारण निवडताना ते दुखणारं निवडा. म्हातारी गेली तर म्हैस मरेल. यंत्रचालक गेला आणि मागं कोणी चुकून ब्रेकर घातला, म्हणजे बंद लाइन परत चालू केली, तर लाइनवर काम करणारा पोरगा मरेल. थांबण्याची आणि जाण्याची, दोन्हींची किंमत दिसली पाहिजे.

वाटा बंद करणं

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. माणूस एकटा पडतो तो एका झटक्यात नाही. रस्ता, फोन, लाईट, माणसं अशा चार वाटांनी तो जगाशी बांधलेला असतो. एकेक वाट बंद करायची, दोन वाटांमध्ये निदान एखादं प्रकरण जाऊ द्यायचं, आणि प्रत्येक वाट बंद व्हायला असं कारण द्यायचं की आपल्या तालुक्यातला कुठलाही माणूस मान डोलावेल. हा माझा एकमेव हट्ट आहे. कादंबरीत कारण नसलेली गोष्ट एकच ठेवायची. बाकी सगळं, अगदी दिव्यातलं तेल संपण्यापर्यंत, कारणानं घडलं पाहिजे. वाचकानं कारणांवर विश्वास ठेवत ठेवत त्या एका गोष्टीपर्यंत यायचं आणि तिथं त्याला धरायला काही मिळू द्यायचं नाही.

माझ्या कादंबरीसाठी मी काळ धरलाय २०१४ चा फेब्रुवारी-मार्च. त्या वर्षी मराठवाड्यात गारपीट झाली होती. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, मोसंबी, सगळं झोडपलं गेलं. हा काळ घेण्यामागं तीन फायदे आहेत. ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतलेली नाहीत, म्हणून वाड्या रिकाम्या. गारपिटीनं झाडं पडतात, घाटरस्ता बंद होतो, पोल आडवे होतात. आणि तेव्हा प्रत्येकाच्या खिशात इंटरनेटचा फोन नव्हता.

वाटा मी अशा बंद केल्या. आधी माणसं: दसऱ्यानंतर वाड्या रिकाम्या होतात, ते पहिल्या प्रकरणातच, सहज, दरसालचं म्हणून. मग मुक्कामी एसटी. संध्याकाळी येऊन रात्री वाडीत थांबणारी आणि पहाटे परत जाणारी ही गाडी म्हणजे आपल्याकडच्या आडवळणाच्या गावाची नाडी. ड्रायव्हर-कंडक्टर पारावर झोपतात, पेपर आणतात, औषधं आणतात, निरोप आणतात. प्रवासीच नाहीत म्हणून ती फेरी बंद होते. त्यावर कोणी ओरडत नाही, कारण ओरडणारी माणसं ऊस तोडायला गेलीत. मग गारपीट: घाटात बाभळी आणि लिंबं पडतात, रस्ता जातो. त्याबरोबर ३३ केव्हीची लाइन जाते, उपकेंद्र मुकं होतं. मग फोन. लाईट गेल्यावर मोबाईलचा टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, पुढं डिझेल लागतं, आणि डिझेल आणणारी गाडी घाटाखाली अडकलेली. म्हणून फोनची रेंज लाईटीबरोबर जात नाही, ती मागाहून जाते. हा मधला काळ सोन्यासारखा आहे. रेंज आहे पण बॅटरी संपत चाललीय, चार्ज करायला लाईट नाही, आणि माणसाला ठरवायचंय की शेवटचा फोन कोणाला करायचा. घाईघाईनं एका वाक्यात ‘रेंज गेली’ लिहून हे प्रकरण हातचं घालवू नका.

बिबट्याचाही उपयोग करता येतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, पुढं डिसेंबरमध्ये करमाळ्याच्या भागात त्याला गोळी घातली. त्या दिवसांत अंधार पडायच्या आत दारं लागायची, रात्रीची लाईट असली तरी पाणी द्यायला कोणी शेतात जायचं नाही. शेजारी हाकेच्या अंतरावर असूनही कोणी कोणासाठी बाहेर येणार नाही, असा एकटेपणा त्यानं तयार केला. कादंबरीकाराला हे फुकट मिळालेलं कारण आहे. फक्त बिबट्यालाच शेवटी गुन्हेगार ठरवून कादंबरी मिटवू नका.

एक तुकडा लिहून दाखवतो

सगळ्या वाटा बंद झाल्यावर ती एक कारण नसलेली गोष्ट कशी ठेवायची, ते सांगण्यापेक्षा दाखवतो. आधी थोडी माहिती हवी. उपकेंद्रात वीज आणणारी लाइन म्हणजे इनकमर, आणि प्रत्येक फीडरच्या पॅनेलवर करंट मोजणारा अँपिअरमीटर असतो. जुन्या काट्याच्या मीटरला वेगळी वीज लागत नाही; लाइनमधून करंट वाहिला तर सीटीमधून, म्हणजे लाइनवरच्या छोट्या करंट ट्रान्सफॉर्मरमधून, त्याला थोडा करंट मिळतो आणि त्यावरच काटा हलतो. म्हणजे लाइनमध्ये काही वाहिल्याशिवाय तो हलायचं कारण नाही. ही माहिती कादंबरीत चाळीसएक पानं आधी, यंत्रचालक नव्या पोराला शिकवत असताना, येऊन गेलेली असते.

‘सव्वादोनला काटा हलला. इनकमर गेलेलं, ब्रेकर ऑफ, घाटातले पोल आडवे. वाड्यांच्या फीडरचा काटा शून्यावरून उठला, चारवर थरथरला आणि अठरावर जाऊन थांबला. अठरा त्यानं शेवटचे लिहिले होते गाड्या लागायच्या आदल्या रात्री, सगळी घरं भरलेली असताना. त्यानं काचेवर बोटानं टिचकी मारली. अठरा. टॉर्च दातात धरून त्यानं लॉगशीट ओढली आणि दोनच्या रकान्यात आकडा भरला. मग खिडकीपाशी जाऊन खाली बघितलं. वाड्यांमध्ये अंधार होता.’

यात तो ओरडत नाही, घामानं डबडबत नाही, पळत नाही. सवयीनं आकडा भरतो. माझ्या मते भीती त्या भरलेल्या आकड्यात आहे, कारण आता ती कागदावर आली. सकाळी सूर्य उगवल्यावर झोपेत भास झाला म्हणायची सोय त्यानं स्वतःच्या हातानं घालवली. तुमचा माणूस ज्या धंद्यातला असेल त्या धंद्याची अशी एखादी सवय शोधा. शाळामास्तर असेल तर हजेरी: रिकाम्या वर्गात त्यानं सवयीनं नाव घ्यावं आणि ‘हजर’ ऐकू यावं. दूधवाला असेल तर माप. आशाताई असेल तर घरोघरची नोंदवही.

आणि शेवटचं वाक्य बघा. अंधार होता, एवढंच. तिथं दिवे लागलेले दाखवले असते तर गोष्ट हलकी झाली असती. करंट वाहतोय आणि दिवे नाहीत; मग तो कशावर खर्च होतोय? हा प्रश्न वाचकाकडं ठेवून प्रकरण संपवायचं.

आवाज

माळावर रात्र काढलेली नसेल तर आवाजावर लिहू नका, आधी काढा. रातकिड्यांची किरकिर आणि कोल्हेकुई सगळेच लिहितात. टिटवी मात्र नीट ऐका: ती उगाच ओरडत नाही, तिच्या जागेजवळून काहीतरी गेलं की ओरडते. म्हणजे एक टिटवी लांब ओरडली, थोड्या वेळानं दुसरी जरा जवळ, मग तिसरी बांधापाशी, तर काहीतरी चालत येतंय आणि कुठल्या दिशेनं येतंय ते वाचकाला कळलं. पावलं वाजवायची गरजच नाही.

ट्रान्सफॉर्मरची घुंई सतत कानात असते म्हणून ऐकू येत नाही, आणि लाईट गेली की ती थांबल्याचं ऐकू येतं. त्या क्षणी माणूस श्वास रोखतो. ते लिहा.

शेतातल्या मोटारींचाही विचार करा. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्री अंधारात स्टार्टरपाशी जायला नको म्हणून लोक ऑटो लावतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. समजा मळ्याचा मालक वारलाय. त्याची मोटार रोज रात्री लाईट आली की सुरू होते, कारण ऑटो कोणी काढलेला नाही. इथवर सगळं कारणातलं. पण दारं धरायला माणूस लागतं. फावड्यानं माती ओढून एका सरीचं तोंड बंद करायचं, दुसरीचं उघडायचं, हे मोटार करत नाही. आणि सकाळी पोराला दिसतं की रात्रीत निम्मा गहू व्यवस्थित भिजलाय, सरी न् सरी, एकही बांध फुटलेला नाही. बाप ज्या बाजूनं सुरू करायचा त्याच बाजूनं.

पिशवीची घडी, अँपिअरचा काटा, भिजलेला गहू, या तिन्ही गोष्टी तुम्हाला आवडल्या तर घ्या, पण एका कादंबरीत एकच. तिन्ही कोंबल्या तर ती भुतांची जत्रा होईल. एक घ्या आणि तिला वाढवत न्या. पहिल्या रात्री निम्मा गहू, पुढच्या पाळीला सगळा, त्याच्या पुढच्या पाळीला शेजारच्या रानातही.

दुपारची भीती

भय रात्रीचंच असतं असं धरून चालू नका. आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार, पारा ४२ च्या वर, ही रात्रीपेक्षा ओसाड असते. रात्री निदान शेजारी खोकतो. दुपारी बारा ते चार माणूस, कुत्रं, पाखरू, काही दिसत नाही. सावली पायाखाली आलेली असते. भर दुपारी विहिरीवर जाऊ नको, असं आजी-मावश्या सांगतात ते उगाच नाही. झळांमुळं लांबचं माणूस कमरेखाली नसल्यासारखं, पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं, यालाही कारण आहे: तापलेल्या जमिनीवरच्या हवेत उजेड वाकतो. त्या झळांत उभं राहिलेलं कोणीतरी जवळ येतच नाही आणि जातही नाही, असं एक प्रकरण लिहून बघा.

भूत ठेवताना

आपल्याकडच्या प्रत्येक भुताला जागा आणि नियम आहे. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यावर, चकवा वाटेवर. वाचकाला हे आईच्या तोंडून माहीत असतं, म्हणून ते मोडायचं तर कारण द्या. चकव्याचं बघा: खूण दिसली नाही तर माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो, हे खरंच घडतं. तुरीच्या उंच रानात, चंद्र नसताना, माणूस परत परत त्याच विहिरीपाशी येतो. इथवर कारण आहे. विहिरीवर प्रत्येक खेपेला बादली वेगळ्या जागी ठेवलेली असली, तर ते तुमचं.

भानामतीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. मराठवाड्यात भानामती हा गमतीचा विषय नाही. घरावर दगड पडणं, कपडे पेटणं, बायका घुमणं याचं खापर आजवर कोणावर फुटलंय? बहुतेकदा एकट्या बाईवर. विधवा, म्हातारी, जमिनीचा तुकडा नावावर असलेली. तिला मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच गोष्टींसाठी. तुमच्या कादंबरीत शेवटी वाडीतली एकटी म्हातारी करणी करणारी निघाली, तर तुम्ही वाचकाला घाबरवलं नाही, फक्त त्याच्या मनातला जुना संशय पक्का केलात. मला असं हस्तलिखित आलं की मी ते परत देतो आणि सांगतो, हाच प्रसंग तिच्या बाजूनं लिही. रात्री दारावर थापा पडतायत, बाहेर सगळं गाव आहे, प्रत्येकाचा आवाज ओळखीचा आहे, आणि आत ती एकटी आहे. मग बघ कोणती कादंबरी जास्त भीतीदायक होते.

बोलणं

पात्रांना पुस्तकी बोलायला लावू नका आणि उगाच गावरान ठसकाही आणू नका. घाबरलेलं माणूस थोडं बोलतं. फोनवरचा हा तुकडा बघा, सून कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, सासू वाडीत:

‘आत्या, जेवलात का?’
‘व्हय. तू कवा आलीस?’
‘कुठं?’
‘आत्ता गेलीस की दारावरून. हाक मारली तर वळून बघितलं न्हाईस.’
‘आत्या, मी हितंच हाय. कोपीतून बोलायले.’
‘मग लेकरू कुनाचं व्हतं कडंवर?’

सून काही बोलत नाही, कारण तिचं लेकरू तिच्याशेजारी झोपलेलं आहे आणि ती आता हात लावून बघतेय. तो हात लिहा. ‘तिच्या अंगावर काटा आला’ असं लिहिलं की वाचकाच्या अंगावरचा काटा जातो. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची कादंबरी असेल तर त्यांच्या गोरमाटी बोलीतले शब्द ऐकीव घालू नका. तांड्यावर जाऊन विचारा, आई-आजीशी कसं बोलतात ते ऐका, आणि जेवढं खात्रीचं तेवढंच घाला.

शेवट आणि तपासणी

शेवट लांबवू नये. ऊसतोडीच्या वाडीचा शेवट तुम्हाला महिनाच आणून देतो: पट्टा पडतो, ट्रॅक्टर परत येतात, माणसं पोतीभर सामान उतरवून आपापल्या दारापाशी जातात आणि पिशवी सोडून कुलूप काढायला लागतात. कुठलं दार सगळ्यात शेवटी उघडायचं हे पहिल्या पानाआधीच ठरवून ठेवा, आणि ते उघडल्यावर आत काय दिसलं हे चार ओळींच्या वर लिहू नका. भूत कोण होतं, का होतं, याचा खुलासा करणारं प्रकरण जोडायचा मोह होईल. तसं प्रकरण लिहून झालं असलं तरी काढून टाका.

खर्डा पूर्ण झाला की दोन माणसांना वाचून दाखवा. एक त्या धंद्यातलं, म्हणजे कोयत्यावर गेलेलं, लाइनवर चढलेलं, नाहीतर मेंढरामागं रानात राहिलेलं. त्याला तपशील चुकला की लगेच कळतं. दुसरं भित्रं माणूस निवडा. माझ्याकडं माझी चुलती आहे, ती अंगणात बसून ऐकते आणि नको तिथं उठून आत जाते. ती कुठल्या ओळीला उठली ते मी समासात टिपून ठेवतो. दोघांनाही कादंबरी कशी वाटली हे विचारू नका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी थांबून एवढंच विचारा, ‘इथं तुम्ही असता तर काय केलं असतं?’ ते जी वाट सांगतील ती पुढच्या खर्ड्यात बंद करा, कारणासकट.